टीव्हीला थांब, एसीला थांबू नको

भाच्यानं नागपुरात बेसा भागात फ्लॅट घेतला. यादी तयार: ५५ इंची टीव्ही, दीड टनाचा एसी, लॅपटॉप आणि स्वतःला नवा फोन. "मामा, इलेक्ट्रॉनिक्स स्वस्तच होत जातं ना? मग सगळंच दिवाळीत घेऊ?" फेब्रुवारी सरत आलाय आणि हा दिवाळीची भाषा करतोय!

टीव्हीपुरतं त्याचं खरं आहे. आमच्याकडे २००९ मध्ये ३२ इंची एलसीडी आला, तेव्हा बाबांनी बर्डीच्या बाजारात पस्तीस हजार मोजले होते. तेवढाच टीव्ही, तोही स्मार्ट, आता १२-१३ हजारांत येतो. टीव्हीच्या किमतीत मोठा वाटा पॅनेलचा, म्हणजे पडद्याचा असतो, आणि शिंपी ताग्यातून कापड बेततो तशी पॅनेलं एका अवाढव्य काचेतून कापतात. आजच्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत ही काच साधारण २.९४ बाय ३.३७ मीटरची असते. तिच्यातून ६५ इंची आठ पॅनेलं निघतात. एका खेपेत जितकी जास्त पॅनेलं, तितकं एकेक स्वस्त.

एसीत असली जादू नाही. तांब्याची कॉइल, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कॉम्प्रेसर. दीड टनाच्या थंडाव्याला जेवढा धातू लागतो तेवढा लागतोच, आणि तांब्याचा भाव काही दरवर्षी उतरत नाही. मधे एसी स्वस्त झाला तो करामुळे: २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चाळीस हजारांचं मशीन ३६,८७५ ला, म्हणजे जेमतेम आठ टक्के. ३२ इंचांवरच्या टीव्हीलाही हीच सूट मिळाली. पण अशी कपात एकदाच होते, तिच्यावर पुढचा हिशेब बांधता येत नाही.

शिवाय १ जानेवारी २०२६ पासून एसीच्या स्टारचे निकष कडक झाले. कालचा पाच स्टार आज साधारण चारमध्ये बसतो. मशीन तेच, स्टिकर बदललं. जुना स्टॉक दुकानात असेल तर लेबलवरचं वर्ष आणि वर्षाला किती युनिट लिहिलेत ते वाच, मग भाव कर. भाव करायचा तो आत्ताच. एप्रिलमध्ये दुकानदार ऐकून घेत नाही आणि फिटिंगवाला आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही. दिवाळीत दोन-तीन हजार वाचतीलही, पण मधला नवतपा, मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, कोण काढणार? कूलरवर भागतं म्हणतोस, तर मे महिन्यात भागतंही; कोरड्या हवेत त्याच्यासारखं यंत्र नाही. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर घरभर दमटपणा करतो.

फोनची गोष्ट वेगळी. जून २००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत ५९९ डॉलरना आला आणि सप्टेंबरात ॲपलनं तोच ३९९ ला केला. रांगा लावून घेणारे भडकले, तेव्हा प्रत्येकाला १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं. आता आयफोनचा भाव सहसा सप्टेंबरात नवा आला की उतरतो, मधे फारसा नाही. अँड्रॉइडचे महागडे फोन पाच-सहा महिन्यांतच बरेच खाली येतात. म्हणून अँड्रॉइड घ्यायचा तर गेल्या वर्षीचा वरचा मॉडेल घे, फक्त अपडेट अजून किती वर्षं मिळणार ते बघ. जुना आयफोन मात्र विकताना भाव राखतो, हेही जमेला धर.

लॅपटॉपला थांबण्यात सध्या राम नाही. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवताहेत, त्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. मायक्रॉननं तर डिसेंबरात क्रूशल हा ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्वस्त फोनांनाही याची झळ लागते. गरज असेल तर १६ जीबीचा आत्ताच घे. आठ जीबीचा घेऊन मग वाढवू म्हणशील, तर बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते.

तेव्हा एसी याच महिन्यात, लॅपटॉप पाठोपाठ, फोन जुना चालतोय तोवर चालव, टीव्ही दिवाळीला.

"आणि आयपीएल कुठे बघू?"

आमच्याकडे ये म्हटलं. फक्त आमच्याकडे अजून कूलरच आहे.