जॅझसाठी अ‍ॅम्प्लिफायर: व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा?

300बी व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे काचेची निर्वात नळी) सिंगल-एंडेड, म्हणजे पूर्ण ध्वनिलहर एकाच व्हॉल्व्हनं वाढवणारा, अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम 8 वॉट देतो. 95 डेसिबलच्या आसपास संवेदनशीलता (एका वॉटवर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज) असलेल्या स्पीकरना तेवढे पुरतात. 85 डेसिबलवाल्या छोट्या स्पीकरवर ड्रमचा जोरदार ठोका आला की आवाज फाटतो. पण बेन वेब्स्टरच्या टेनर सॅक्सोफोनमधली फुंकर अशी काही उतरते की बाकी सगळं माफ. (ही गोडी बरीचशी सेकंड हार्मोनिक डिस्टॉर्शनची, म्हणजे मूळ स्वरात मिसळलेल्या दुप्पट कंपनसंख्येच्या सुराची. असू दे!)

ट्रान्झिस्टरचा जोर डबल बेसमध्ये, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यात, दिसतो. या वाद्याची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झची. डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरला आवर घालण्याची क्षमता) जास्त असल्यानं स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) ताब्यात राहतो, बेसवादक रे ब्राउनचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. शिवाय व्हॉल्व्ह बदलण्याची कटकट नाही.

काउंट बेसीचा बिग बँड मोठ्यानं ऐकायचा तर ट्रान्झिस्टरच घ्या. मी मात्र बॅलडवाला, म्हणजे संथ, हळुवार गाण्यांचा. माझं मत व्हॉल्व्हला.