केसिल ए८० ट्यूना ब्लू : माशांना पहाट आणि संध्याकाळ देणारा दिवा

माझी खाऱ्या पाण्याची टाकी लहान आहे. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ६४ लिटर. तिच्यात क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, एक क्लीनर श्रिंप (माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारी कोळंबी) आणि दगडांवर थोडी मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ, आहेत. गेले दीड वर्ष या टाकीवर केसिल कंपनीचा ए८० ट्यूना ब्लू हा एलईडी दिवा आहे. अशा दिव्यांची चर्चा बहुधा कोरलची वाढ आणि रंग यांपुरतीच होते. मला मात्र या दिव्याचे मोल कळले ते मासे आणि श्रिंप यांच्या वागण्यात पडलेल्या फरकामुळे, म्हणून हे परीक्षण त्याच अंगाने लिहीत आहे.

आधी टाकीवर पांढऱ्या एलईडींची एक साधी पट्टी होती. ती लागायची ती पूर्ण तेजाने आणि विझायची तीही क्षणात. तिला तबकडीचा टायमर जोडला होता. पावसाळ्यात वीज गेली की तबकडी थांबे, आणि आठवडाभरात सकाळी नऊची वेळ साडेअकरावर जाऊन पोहोचे. दिवा लागताच फायरफिश दगडाखालच्या बिळात शिरे आणि पाऊण तास तोंड दाखवत नसे. एका रात्री दिवा विझताच तिने अशी उसळी घेतली, की ती झाकणाच्या जाळीवर आपटल्याचा आवाज मला शेजारच्या खोलीत ऐकू आला. जाळी नसती तर ती सकाळी फरशीवरच सापडली असती.

यात माशाचा भित्रेपणा थोडा आणि डोळ्यांची रचना अधिक आहे. माशांना आपल्यासारख्या पापण्या नसतात, आणि बहुतेक हाडांच्या माशांची बाहुली उजेडात आकुंचन पावत नाही. उजेड-अंधाराशी जुळवून घ्यायचे तर त्यांच्या दृष्टिपटलातील रंगद्रव्य आणि पेशी प्रत्यक्ष सरकाव्या लागतात, आणि हे काम सावकाश होते. समुद्रात पहाट तेवढा अवधी देते. भिंतीवरचे बटण देत नाही.

ए८० हा १५ वॅटचा, छोटा दंडगोलाकार दिवा आहे. त्याला दोन फिरत्या खुंट्या आहेत : एक तेजासाठी आणि दुसरी रंगासाठी, जिने उजेड गडद निळ्यापासून पांढऱ्याकडे नेता येतो. दिव्यात स्वतःचे घड्याळ नाही. उजेड हळूहळू चढवायचा आणि उतरवायचा असेल तर कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो, आणि दिवा टाकीवर धरणारी वाकडी दांडीही वेगळीच विकत मिळते. विदेशी बनावटीचा असल्याने खर्च मुळातच कमी नाही. तरीही कंट्रोलरशिवाय हा दिवा घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण माशांच्या दृष्टीने खरा फायदा त्या चढ-उतारातच आहे. मी सकाळी आणि संध्याकाळी एकेक तासाचा चढ-उतार ठेवला. दुसऱ्या आठवड्यापासून फायरफिश निळसर उजेडातच बिळाच्या तोंडाशी येऊन पाठीवरचा लांब काटा हलवत उभी राहू लागली, आणि उजेड पूर्ण चढेपर्यंत ती मोकळ्या पाण्यात आलेली असे.

श्रिंपच्या बाबतीतला बदल मला अपेक्षित नव्हता. पट्टीचा उजेड सगळीकडे सारखा पसरे, त्यामुळे टाकीत सावली अशी जवळजवळ नव्हतीच, आणि क्लीनर श्रिंप दिवसभर मागच्या काचेला, पंपाच्या आड चिकटून बसे. ए८०चा उजेड एका बिंदूतून येतो. त्याने वाळूवर लाटांची जाळी हलताना दिसते, हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले सौंदर्य. पण त्याच कारणाने दगडांच्या कपारीखाली ठसठशीत काळोख उरतो. आता श्रिंप पुढच्या कपारीच्या उंबऱ्यावर बसते. शरीर सावलीत, आणि पांढऱ्या लांब मिशा बाहेर उजेडात. क्लाउनफिशमधली मादी जवळ येऊन थबकली, की मिशा आधी तिच्या कल्ल्याला लागतात आणि मग श्रिंप पुढे सरकून काम सुरू करते. कात टाकल्यानंतर अंग मऊ असते तेव्हा ती दोन दिवस आतल्या अंधारात राहते. अशी जागा तिला पूर्वी नव्हती.

रात्रीबद्दल विशेष सांगायला हवे. चांदण्यासारखा निळा उजेड रात्रभर ठेवण्याची हौस अनेकांना असते; मलाही होती. परंतु २०१९ मध्ये ‘बायोलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात, रात्री कृत्रिम उजेड असताना क्लाउनफिशची अंडी मुळीच फुटली नाहीत. हे माझ्या घरीही दिसले. जोडीने दगडावर घातलेल्या अंड्यांमध्ये पिल्लांचे डोळे रुपेरी चमकू लागले होते, पण त्या दिवशी पाहुणे असल्याने दिवाणखान्यातील ट्यूब मध्यरात्रीपर्यंत चालू राहिली आणि एकही अंडे फुटले नाही. दुसऱ्या दिवशी मी कंट्रोलरवर रात्रीचे तेज शून्य केले, पडदे ओढले आणि साडेआठलाच खोलीतला दिवा मालवला. सव्वादहाला टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळून पाहिले (पाण्यात लाल उजेड फार खोल जात नाही आणि या माशांना तो फारसा जाणवतही नाही), तेव्हा नर अंड्यांवर जोरात पंख हलवत होता आणि पापणीच्या केसाएवढी पिल्ले दगडापासून सुटून वर चालली होती.