झॉक्साइड: सात महिने रोज वापरल्यावर

दिवसभर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, असणाऱ्याचा बराच वेळ सीडी ही फोल्डर बदलायची कमांड लिहिण्यात आणि नाव पुरं करायला टॅब दाबण्यात जातो. सात महिन्यांपूर्वी झॉक्साइड टाकलं, म्हणजे आपण गेलेले फोल्डर लक्षात ठेवून नावाच्या तुकड्यावरून थेट तिथे नेणारं टूल, आणि ते थांबलं. झेडएसएचच्या (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या शेलच्या) कॉन्फिग फाइलमध्ये झॉक्साइड सुरू करणारी इनिटची एक ओळ घालायची, तीही अगदी शेवटी. कॉम्पइनिटच्या (शेलचं कम्प्लिशन सुरू करणाऱ्या कमांडच्या) आधी घातली तर टॅब कम्प्लिशन मिळत नाही.

पहिले दोन-तीन दिवस फरक जाणवत नाही, कारण आपण गेलो तेवढेच फोल्डर त्याला माहीत असतात. प्रत्येक भेटीला एक गुण. शोधताना तासाभरात गेलेल्या फोल्डरचे गुण चौपट, दिवसभरातल्याचे दुप्पट, आठवडाभरातल्याचे निम्मे, त्याहून जुन्याचे पाव धरतात. हे गणित मी उशिरा वाचलं आणि त्याचा फटका बसला.

माझ्या दोन प्रोजेक्टांत एपीआय नावाचा फोल्डर आहे. आठवडाभर नव्या प्रोजेक्टवर होतो. सकाळी जुन्यात जायचं म्हणून ‘झेड एपीआय’ मारलं (झेड ही झॉक्साइडची उडी मारायची कमांड) आणि लगेच डेटाबेस रिसेट केला. उडाला तो नव्याचा लोकल डेटाबेस! टेस्ट डेटा पुन्हा भरण्यात अर्धा दिवस गेला.

त्याच दिवशी एको सेटिंग चालू केलं. आता उडी मारण्याआधी पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, स्क्रीनवर येतो. शिवाय नेहमी दोन शब्द देतो, आधी प्रोजेक्टचं नाव, मग फोल्डरचं. शब्द पाथमधल्या क्रमानेच लागतात आणि शेवटचा शब्द पाथच्या शेवटच्या फोल्डरशी जुळावा लागतो. तरी शंका असली तर ‘झेडआय’ ही कमांड. एफझेडएफ हे यादीत शोधायचं टूल असेल तर तिने जुळणाऱ्या फोल्डरांच्या यादीतून निवडता येतं.

सीडीच्या जागी झॉक्साइड बसवायची सोयही आहे. महिनाभर करून पाहिलं, मग काढलं. साधं सीडी चुकीच्या नावाला सरळ एरर देतं. झॉक्साइड मात्र अंदाज बांधून भलत्याच ठिकाणी नेऊ शकतं. मला ती एरर हवी आहे, म्हणून दोन्ही वेगळेच ठेवले.

वगळायच्या फोल्डरांची यादी मात्र जरूर लिहा. बिल्ड आणि तात्पुरते फोल्डर तिथे गेल्यावर सुचवण्या स्वच्छ झाल्या. मूळ सेटिंगमध्ये फक्त होम फोल्डर वगळलेला असतो, आणि आपली यादी दिली की मूळची जाते. त्यामुळे होमही त्यात पुन्हा लिहावा लागतो. हे कळेपर्यंत माझा होम फोल्डर गुणांत सगळ्यांत वर जाऊन बसला होता. रिमूव्ह कमांडने काढला.