एआर चष्मा घ्यायचाय? आधी सांगा, बसून बघणार की घालून फिरणार

एआर चष्मा, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर चित्र किंवा अक्षरं दाखवणारा चष्मा, रोजच्या वापराला चालेल का असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, बसून वापरणार की चालताना? कारण एकाच नावाखाली दोन पार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि लोक एकीचे व्हिडिओ बघून दुसरी घेऊन बसतात.

पहिला वायरवाला. एक्सरियल, व्हिचर, रोकिड वगैरे कंपन्यांचा. फोनला किंवा लॅपटॉपला यूएसबी-सी केबलने जोडायचा की डोळ्यासमोर भलीमोठी स्क्रीन. दोन्ही डोळ्यांना १०८०पी म्हणजे फुल एचडी चित्र मिळतं, अक्षरं स्वच्छ वाचता येतात, पिक्चर बघायला तर मजाच. बहुतेकांत स्वतःची बॅटरी नसते, फोनचीच खातो. आणि घ्यायच्या आधी हे नक्की बघा की तुमच्या फोनच्या यूएसबी-सीमधून व्हिडिओ बाहेर येतो का, कारण बऱ्याच फोनमध्ये ते भोक फक्त चार्जिंग आणि डेटापुरतं असतं.

आता याची गंमत. आत डोळ्यापुढे एक तिरकी अर्धी पारदर्शक काच असते, वरची छोटी स्क्रीन तिच्यावर पडते आणि पुढच्या वक्र आरशावरून डोळ्यात येते. या काचेला खालून येणारा उजेडही दिसतो. मी पहिल्यांदा घातला तेव्हा चित्राच्या खालच्या भागात काहीतरी पांढरं हलत होतं, मला वाटलं पीस खराब आलाय, नंतर कळलं तो माझाच शर्ट! काळा टीशर्ट घातला की गायब. शिवाय या रचनेत बाहेरचं जग गॉगल लावल्यासारखं अंधारं दिसतं, त्यामुळे हा घालून रस्त्यावर चालायचा विचार सोडाच.

दुसरा बिनवायरचा, पातळ काचेचा, वेव्हगाईडवाला. यात उजेड काचेच्या आतल्या आत आपटत पुढे जातो आणि डोळ्यासमोर बारीक खाचांमधून किंवा छोट्या अर्धपारदर्शक आरशांवरून बाहेर पडतो, म्हणून काच जवळजवळ साध्या चष्म्यासारखीच दिसते. इव्हन रिअॅलिटीज जी१ मध्ये फक्त हिरवी अक्षरं, कॅमेरा नाही, स्पीकर नाही. मेटाच्या २०२५ च्या रे-बॅन डिस्प्लेमध्ये रंगीत चित्र, पण फक्त उजव्या डोळ्याला आणि साधारण २० अंशांचं, म्हणजे नोटिफिकेशन, रस्ता, भाषांतराच्या ओळी एवढंच, पिक्चर बिक्चर नाही. याच्यासोबतचा मनगटावरचा पट्टा स्नायूंचे सिग्नल वाचतो, त्यामुळे चारचौघात हवेत हात हलवायला लागत नाही, हे मला फार आवडलं.

कॅमेऱ्याचंही आहेच. २०१३ च्या गूगल ग्लासला लोक त्याच्यामुळेच बिचकायचे, समोरच्याला आपण शूट होतोय का असं वाटलं की संपलं. जी१ वाल्यांनी तो काढूनच टाकला, ऑफिसात घालणार असाल तर मला तेच शहाणपणाचं वाटतं.

उन्हाचं म्हणाल तर हे सगळे चष्मे समोरच्या दृश्यावर उजेडाची भर घालतात, काळं दाखवूच शकत नाहीत, काळं म्हणजे पारदर्शक. म्हणून भर उन्हात अक्षरं फिकी पडतात. रे-बॅन डिस्प्ले ५,००० निट्सपर्यंत (निट्स म्हणजे उजेडाचं माप) जातो म्हणून बाहेर टिकतो.

पण खरी परीक्षा नाकावर होते. साधा चष्मा ३० ग्रॅमच्या आसपास, रे-बॅन डिस्प्ले ६९, एक्सरियल एअर ७९. आकडा किरकोळ वाटतो, पण नाकापेक्षा मोती जड! वजन काड्यांवर मागे वाटलेलं असेल तर चालतं, सगळं पुढे असेल तर दीड तासात नाकावर दोन लाल खळगे पडतात आणि चष्मा घसरून चित्राची खालची कड कापली जाते. दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही, निदान अर्धा तास मान खाली घालून बसून बघा.

आणि नंबर. रे-बॅन डिस्प्लेला उणे ४ ते अधिक ४ मधल्याच काचा बसतात. वायरवाल्यात आतून वेगळी काच अडकवता येते, जास्त नंबरही चालतो, फक्त वाफ धरते. माझा नंबर उणे साडेपाच, त्यामुळे प्रश्नच मिटला, वायरवाला घेतला. आता रोज रात्री तो काढला की अंधारात आधी साधा चष्मा चाचपडत शोधतो, आणि तो बऱ्याचदा त्याच केबलमध्ये अडकलेला सापडतो.