सतत रीस्टार्ट होणारा पीसी: दुरुस्ती, रीसेट, फॉरमॅट की आधी कॅबिनेट उघडायचं?

बटण दाबलं, लोगो आला, खाली ठिपक्यांचं गोल फिरायला लागलं आणि स्क्रीन काळी. पुन्हा लोगो, पुन्हा गोल, पुन्हा काळोख. असं चार-पाच वेळा झालं की कोणीतरी म्हणतंच, "फॉरमॅट मार, सुटेल." मी म्हणेन, थांबा. विंडोजची दुरुस्ती, रीसेट, फॉरमॅट आणि हार्डवेअरची तपासणी ही चार वेगवेगळ्या दुखण्यांवरची औषधं आहेत. फॉरमॅट त्यातलं सगळ्यात जड, आणि बहुतेक जण नेमकं तेच आधी घेतात.

औषध निवडायचं तर पीसी नेमका कुठे कोसळतो ते आधी बघावं लागतं. लोगो यायच्या आतच रीस्टार्ट होत असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही, ते अजून सुरूच झालेलं नसतं. गोल फिरायला लागल्यावर किंवा डेस्कटॉप दिसल्यावर होत असेल तर दोन्ही शक्यता उरतात. अशा वेळी मी पीसी चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जातो आणि वीस मिनिटं तिथेच राहू देतो. बायोस मदरबोर्डवरच्या चिपमधून चालतं, त्याला डिस्क लागत नाही आणि विंडोजही लागत नाही. तिथेही पीसी रीस्टार्ट झाला तर फॉरमॅटचा विचार डोक्यातून काढून टाका. प्रोसेसरचं तापमानही तिथेच दिसतं. काहीही चालू नसताना आकडा नव्वदीकडे धावत असेल तर पंखा थांबलाय, प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा (हीटसिंक) सैल झालाय किंवा त्या दोघांमधली थर्मल पेस्ट वाळलीय.

मात्र बायोसमध्ये पीसी टिकला म्हणजे हार्डवेअर निर्दोष ठरत नाही. तिथे रॅमवर आणि एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, फारसा ताणच येत नाही. हे मी अनुभवाने शिकलो. माझा पीसी बायोसमध्ये तासभर शांत राहिला, म्हणून मी विंडोज पुन्हा टाकायला घेतलं. फाइल कॉपी होताना रीस्टार्ट, दुसऱ्यांदा लावलं तर थोडं पुढे जाऊन पुन्हा रीस्टार्ट. दर वेळी वेगळ्या टप्प्यावर. तेव्हा शंका आली. प्लग काढला, कॅबिनेट उघडलं, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक बाहेर काढली, तर तिच्या सोनेरी कडेवर मळकट पट्टा चढलेला. कोरड्या खोडरबराने हलकेच पुसून लावली, तरी तेच. मग ती काढून फक्त दुसरी ठेवली, आणि तेच इन्स्टॉलेशन एका दमात पूर्ण झालं. जुन्या विंडोजमध्ये काहीच बिघाड नव्हता. सगळे प्रोग्रॅम आणि सेटिंग मी विनाकारण पुसले होते. ही हळहळ अजून गेलेली नाही, म्हणून इतक्या तळमळीने सांगतोय.

कॅबिनेट उघडण्याची वाट

हिला पैसा लागत नाही, डेटाला धोका नाही, वेळ अर्धा-पाऊण तास. म्हणून शंका असेल तर हीच आधी. कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर सोडून सगळं काढा. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू असेल तर बंद करा. मग रॅमची एकेक पट्टी एकेकटी लावून बघा. रीसेट बटणाची वायरही मदरबोर्डवरून काढून बघा. बटण आत अडकून राहिलं तर पीसी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो, आणि त्या वायरीशिवाय पीसी व्यवस्थित चालतो. यानंतर संशय एसएमपीएसवर. बायोसमध्ये १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत दिसायला हवी, पण आकडा ठीक दिसूनही भार आल्यावर एसएमपीएस मान टाकतो. चांगल्या स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच खात्रीचा उपाय. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा साठा राहू शकतो.

विंडोज न पुसता दुरुस्ती

विंडोज १० किंवा ११ लागोपाठ दोन-तीनदा सुरू व्हायला चुकलं की रिकव्हरीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे स्टार्टअप रिपेअर असतं. एकदा चालवा, त्याने नुकसान नाही, पण ते 'दुरुस्ती जमली नाही' म्हणालं म्हणून हातपाय गाळू नका. त्याहून उपयोगी जागा आहे स्टार्टअप सेटिंग्ज. तिथे ९ दाबलं की कोसळल्यावर होणारा आपोआप रीस्टार्ट बंद होतो, निळी स्क्रीन तशीच थांबते आणि एररचं नाव वाचता येतं. हे नाव हातात आलं की निम्मं काम झालं. 'व्हिया (WHEA) अनकरेक्टेबल एरर' असेल तर पुन्हा कॅबिनेटकडे वळा, कारण ही तक्रार हार्डवेअरने केलेली असते. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असेल तर विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाहीये. कधी कधी याचं मूळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलमध्ये असतं. सेल संपला की बायोसची सेटिंग मूळ पदावर जातात, स्टोरेजचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलतो आणि विंडोज अडखळतं. सेल बदलून मोड पूर्ववत केला की झालं.

स्टार्टअप सेटिंग्जच्या त्याच यादीत ४ दाबून सेफ मोड उघडतो, त्यात विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींवर चालतं. सेफ मोडमध्ये पीसी टिकला आणि एरवी टिकत नसेल, तर संशय एखाद्या ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) किंवा नव्याने टाकलेल्या प्रोग्रॅमवर. तो काढा. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर रिकव्हरीतूनच शेवटचं अपडेट काढता येतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच कोसळले होते. बहुतेकांवरचा इलाज काय होता? सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत जाऊन ती एक फाइल काढणं. तिथे कोणी फॉरमॅट मारला असता तर कामं आणखी लांबली असती.

रीसेट की फॉरमॅट?

दुरुस्ती हरली आणि हार्डवेअर तपासून झालं, तरच हा प्रश्न. रीसेटमध्ये 'माझ्या फाइल ठेवा' निवडलं तर कागदपत्रं आणि फोटो राहतात, पण नंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. पुढे लोकल की क्लाउड असं विचारतात. लोकलमध्ये डिस्कवरच्याच सिस्टिम फाइल वापरल्या जातात, आणि त्याच बिघडल्या असतील तर रीसेट मध्येच अडतं. इंटरनेट बरं असेल तर मी क्लाउडच घेईन, चारेक जीबी डाउनलोड होतं. पेनड्राइव्हवरून पूर्ण फॉरमॅट मी तीनच वेळी करतो: व्हायरस खोलवर गेला असेल, डिस्क नवी असेल किंवा रीसेटही अर्ध्यात मरत असेल. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो. त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) टाकून पीसी आधी तासभर चालवून बघितला तर आणखी चांगलं. तिथे टिकला तर विंडोजवरचा संशय पक्का होतो, आणि फाइलही बाहेर काढता येतात.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा, बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते. तिच्याशिवाय सेफ मोडही अडू शकतो आणि फाइलही हाती लागत नाहीत. आणि विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे नव्याने टाकायचंच असेल तर ११ चालतंय का ते आधी बघा.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. पीसी बंद करा. रिपेअर, रीसेट, डिस्क चेक, प्रत्येक प्रयत्न मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवतो. डिस्क काढा, दुसऱ्या पीसीला जोडा आणि ज्या फाइल पुन्हा मिळणार नाहीत त्या सगळ्यात आधी कॉपी करा. जोडूनही दिसली नाही तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या, आणि तोवर तिला वीज देऊ नका.