मिग-२१ की एफ-१६: सिम्युलेटरवर आधी कशावर टेकऑफ शिकावं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मित्राच्या खोलीवर आम्ही रोज रात्री डीसीएस, म्हणजे संगणकावरचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर, लावतो. नवीन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो.

एफ-१६ सोपं. गिअर (चाकं) खाली असला की फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे पट्टे, आपोआप उतरतात, जमिनीवर पुढचं चाक पेडलनं वळतं. वजनानुसार साधारण १५० नॉटच्या (ताशी सागरी मैल) आसपास स्टिक (हातातला दांडा) हळूच मागे घ्यायची, नाक १० अंशांवर धरायचं. जास्त ओढलं तर शेपूट घासतं. गिअर ३०० नॉटच्या आत उचला.

मिग-२१ला सगळं हातानं. फ्लॅप २५ अंशांवर लावा, आणि वेगाचा काटा नॉटमध्ये नाही, किलोमीटरमध्ये आहे हे ध्यानात ठेवा. पुढचं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे वळायचं तर स्टिकवरचा ब्रेक दाबून पेडल मारायचं. पहिला आठवडाभर माझं विमान धावपट्टी सोडून गवतात जायचं, कारण मी वेग आल्यावरही ब्रेक दाबत होतो. वेग वाढला की रडर (पेडलनं हलणारं शेपटीवरचं सुकाणू) पकड घेतो. मग ब्रेकला हात लावायचाच नाही. ताशी ३४० किलोमीटरच्या सुमारास चाकं जमीन सोडतात.

तरी भावा, मिगच आधी घे. १९६३ पासून २०२५ पर्यंत आपल्या हवाई दलानं उडवलेलं विमान आहे ते, आणि त्याचं पेडल पायात बसलं की एफ-१६ एका संध्याकाळीत जमतं.