एलिव्हेटरचं स्प्रॉकेट बदलायचंय: हबचं, टेपर लॉकचं की इथंच कापलेलं?

भाताची सुगी तोंडावर आली की खानापूर भागातल्या राईस मिलवाल्यांची बेळगावच्या उद्यमबागेत ये-जा वाढते. भात वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं झिजलेलं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, गोणपाटात गुंडाळून काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "अण्णा, असंच एक द्या." पण "असंच" म्हणजे कसं? बाजारात आज तीन वाटा आहेत. हबसकट, म्हणजे मधल्या जाड भागासकट येणारं, ज्याला बोअर (शाफ्टचं भोक) आणि की-वे (चावीची खाच) आपण करून घ्यायचा. टेपर लॉक बुशचं, जे तयार बसतं. आणि तिसरं, प्लेटमधून इथल्याच वर्कशॉपमध्ये कापून घेतलेलं.

माझं मत आधीच सांगतो. दोन्ही टोकांना एकाच प्रकारचं घ्यायचा हट्ट धरू नका. लहान चाकावर पैसे घाला, मोठ्यावर वाचवा. गिअरबॉक्सवर 17 दातांचं आणि एलिव्हेटरच्या शाफ्टवर 51 दातांचं असेल, तर मोठं एकदा फिरेपर्यंत लहान तीनदा फिरतं. म्हणजे लहानाचा प्रत्येक दात तिप्पट वेळा चेनखाली येतो. झीज तिथं आहे, म्हणून खर्चही तिथंच व्हायला हवा.

निवड करण्याआधी चेनच्या पट्टीवरचा नंबर वाचा. पिच (चेनच्या दोन पिनांमधलं अंतर) सारखा म्हणून स्प्रॉकेट सारखं, असं होत नाही. एक इंची पिचमध्ये 80 नंबर ही अमेरिकन मापाची चेन, 16बी ही ब्रिटिश. दोन्हींचा पिच 25.4 मिमी, रोलरही (पिनेवरची फिरती नळी) सारखाच 15.88 मिमीचा. पण आतली रुंदी 80 मध्ये 15.75 आणि 16बी मध्ये 17.02 मिमी. 16बी च्या स्प्रॉकेटचा दात साधारण 16 मिमी जाड असतो. तो 80 च्या चेनमध्ये शिरणार कसा?

हे मी मामांच्या मिलमध्ये शिकलो. दुकानात आम्ही "एक इंची" एवढंच सांगितलं, त्यांनीही एक इंची दिलं, नंबर कोणीच विचारला नाही. बोअर झाला, की-वे झाला, शाफ्टवर चढवलं, आणि चेन दातांच्या डोक्यावरच बसून राहिली. बाहेर भाताच्या पोत्यांची रांग लागलेली. रात्री बसून ग्राइंडरनं दातांच्या बाजू घासल्या. ग्राइंडरच्या तापानं दातांचं पाणी (तापवून दिलेला कडकपणा) उतरलं, कुठं जास्त घासलं गेलं, कुठं कमी. महिनाभरात चेनच्या आतल्या पट्ट्या आरशासारख्या चकाकू लागल्या, म्हणजे चेन बाजूनं घासत होती. सुगी संपायच्या आत चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही पुन्हा घ्यावं लागलं. अर्ध्या इंचीत घोळ वेगळा आहे: 08बी चा रोलर 8.51 मिमीचा, 40 नंबरचा 7.92. तिथं 08बी चा जाड रोलर 40 च्या दातांच्या खाचेत तळाला टेकतच नाही.

आता हब की टेपर लॉक. हबचं स्प्रॉकेट स्वस्त, आणि कुठल्याही दुकानात मिळतं. आपल्याकडे टर्नरची कमी नाही. उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर, कुठंही गेलात तरी बोअर होतो. पण तो नेमका व्हायला हवा. शाफ्ट वर्नियरनं तीन ठिकाणी मोजा. जुना शाफ्ट बेअरिंगजवळ एक माप दाखवतो आणि स्प्रॉकेटच्या जागी दुसरं. 35 मिमीच्या शाफ्टला चावी 10 बाय 8 मिमीची लागते. "मालक, थोडा ढिला ठेवतो, बसवायला सोपं जाईल," असं टर्नर म्हणाला तर नको म्हणा. ढिल्या बोअरमधलं स्प्रॉकेट डोलतं, चावी की-वेच्या कडा खाते, आणि शेवटी शाफ्टच बदलायची पाळी येते.

हबची खरी परीक्षा काढताना होते. खानापूरकडचा पाऊस आणि मिलमधला कोंडा, दोन्ही मिळून हब शाफ्टला असा धरतात की पुलर वाकतो. मग गॅस लावून तापवायचं, हातोडा मारायचा. त्या तापानं शेजारच्या बेअरिंगचं ग्रीस वितळून जातं, ठोक्यांनी बॉल खराब होतात. मला हबच्या स्वस्ताईची भीती वाटते ती यासाठीच.

टेपर लॉकमध्ये बुश निमुळतं असतं. दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) आवळले की बुश हबमध्ये आत ओढलं जातं आणि शाफ्टला चारी बाजूंनी आवळतं. काढताना दोन्ही स्क्रू काढायचे, त्यातला एक तिसऱ्या भोकात घालून फिरवायचा, की बुश ढिलं होतं. गॅस नाही, ठोकाठोक नाही. बुश शाफ्टच्या मापाचं, की-वेसकट तयार मिळतं. 1610 नंबरचं बुश 42 मिमी शाफ्टपर्यंत चालतं, 2012 नंबरचं 50 मिमीपर्यंत. पुढच्या वेळी शाफ्टचं माप बदललं तर फक्त बुश बदला. किंमत हबपेक्षा जास्त आहे हे खरं, पण टर्नरची मजुरी आणि गेलेला दिवस धरला तर फरक बराच कमी होतो. बसवताना एक चूक हमखास होते: निमुळत्या भागाला तेल लावतात. लावू नका, ती जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. आणि बारीक पिचला दात फार कमी असतील तर मध्ये बुशला जागाच उरत नाही, तिथं हबचंच घ्यावं लागतं.

इथं कापलेल्या स्प्रॉकेटला मी कमी लेखत नाही. मोठं, हळू फिरणारं चाक असेल तर तेच घ्या. जुना हब चांगला असेल तर दात छाटून त्यावर नवी प्लेट बोल्टनं लावा. वेल्डिंगनं प्लेट वाकते आणि चाक डोलतं. बोल्टच्या प्लेटचा आणखी एक फायदा म्हणजे दात एका बाजूनं झिजले की प्लेट उलटी करून लावता येते. लहान चाक मात्र इथं साध्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटमधून कापून घेऊ नका. ते ईएन-8 पोलादाचं आणि दातांना पाणी दिलेलं हवं. घेताना दातावर कानस ओढून पाहा. पाणी दिलेलं असेल तर कानस घसरते, कच्चं असेल तर धरते. दातांच्या दोन्ही बाजूंना उतार दिलाय का तेही बघा, चेन खाचेत सरळ उतरते ती त्या उतारामुळं.

जागा असेल तर लहान चाकाला 17 पेक्षा कमी दात घेऊ नका. 11 दातांवर चेनचा वेग प्रत्येक दातागणिक सुमारे 4 टक्के कमी-जास्त होतो, 17 वर 1.7 टक्के. बादल्यांच्या एलिव्हेटरला हा धक्का सारखा बसत राहतो.

जुनी चेन नव्या स्प्रॉकेटवर घालायची का, हे फूटपट्टीनं ठरवा. चेन ताणून धरा. पाऊण इंचीचे 16 पिच किंवा एक इंचीचे 12 पिच म्हणजे बरोबर 304.8 मिमी, एक फूट. ते 311 भरले तर चेन 2 टक्के वाढली, ती नव्या दातांना आकड्यासारखं वाकवून टाकेल. तिथं दोन्ही एकदमच बदला.

सगळं बसल्यावर चेन चढवण्याआधी एक दोरा ताणून दोन्ही चाकांच्या बाजूला लावा. तो चारही कडांना टेकला पाहिजे. एका ठिकाणी जरी फट दिसली तरी लहान चाक शाफ्टवर सरकवा, मग ग्रब स्क्रू आवळा, आणि दिवसभर मिल चालवून संध्याकाळी पुन्हा एकदा आवळा.